लाल बाजूची चाल

१

लग्न झालं आणि माझ्या वाट्याला अकरा मिनिटं आली.

रोज सकाळची. नवरा रक्तपेढीत रात्रपाळीचा तंत्रज्ञ. संध्याकाळी सहाला निघतो, आणि सकाळी बरोब्बर सातला दारात त्याची किल्ली फिरते. माझ्या ऑफिसची गाडी सात वाजून अकरा मिनिटांनी खाली येऊन हॉर्न वाजवते. मी परत येते तेव्हा तो गेलेला असतो. उशी मात्र अजून चेपलेली असते. रविवारी मी घरी असते, पण तो निघायच्या वेळेपर्यंत झोपून असतो. लग्नाला चार महिने झाले होते, आणि तो चहात साखर किती घेतो हे मला अजून ठाऊक नव्हतं. मी चहा गाळून ठेवायचे, साखरेचा डबा शेजारी ठेवायचे, आणि पळायचे.

अकरा मिनिटांत माणसं काय बोलतात? सिलिंडर संपलाय. गिझर बंद करायला विसरू नकोस. तुझ्या आईचा फोन आला होता. मी मुळात कमी बोलते. योग्य वाक्य मला नेहमी जिन्यात सुचतं, आणि तोवर जिना उतरून झालेला असतो. तोही काही बोलका नाही. दमून आलेला माणूस दमून निघालेल्या बाईशी जे बोलेल तेवढं आम्ही बोलायचो.

हे सगळं माझ्या नणंदेने पहिल्या आठवड्यातच ओळखलं. तिच्या जिभेला हाड नाही, पण मन चांगलं. तिने आम्हाला हातात धरून खेळायचा एक गेमिंग कन्सोल दिला. "तुम्ही दोघं भेटणार तर नाहीच," ती म्हणाली. "निदान भांडा तरी."

त्यात एक खेळ होता. एकाच यंत्रावर दोघांनी आळीपाळीने खेळायचा. चौकोनांचा पट, माझी बारा निळी माणसं, त्याची बारा लाल. आपली चाल करायची, 'चाल संपली' दाबायचं. मग पडदा काळा होतो आणि अक्षरं येतात: यंत्र लाल खेळाडूच्या हातात द्या. किंवा निळ्या. ज्याची पाळी त्याने 'तयार' दाबलं की पट उघडतो. आपल्या माणसांच्या आसपासचे चौकोन तेवढे स्वच्छ दिसतात, बाकी सगळीकडे धुकं. आणि एकदा संपवलेली चाल मागे घेता येत नाही.

नणंदेने नियम घालून दिला होता. "दिवसाला एक एक चाल. आणि खेळाबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही. बोललात की मजा गेली."

आम्ही दोघंही असे, की नियम मोडायची हिंमत कोणालाच झाली नाही. मी रोज संध्याकाळी आल्या आल्या चाल करायचे आणि कन्सोल फ्रिजशेजारच्या जेवणाच्या टेबलावर, त्याच्या खुर्चीसमोर ठेवायचे. दुसऱ्या संध्याकाळी उघडला की त्याची चाल झालेली असायची.

२

माझं कामही तेच. ज्या गेम मोठ्या यंत्रांवर चालतात त्या हातातल्या छोट्या कन्सोलवर नीट चालतात की नाही, हे तपासायचं. पडदा सेकंदाला तीस वेळा नव्याने रंगवला जातो. त्या प्रत्येक चित्राला आम्ही फ्रेम म्हणतो. यंत्रावर ओझं पडलं की तिसाच्या चोवीस होतात, अठरा होतात, आणि पडद्यावरची माणसं अडखळायला लागतात. पाय इथे, मग एकदम तिथे. मधलं पाऊल गायब.

धावपळीच्या गेममध्ये हे चालत नाही, लोक शिव्या घालतात. आळीपाळीच्या खेळात चालतं. तिथे कोणाला घाई नसते, फ्रेम पडल्या म्हणून कोणी हरत नाही. म्हणून असले खेळ तपासायला माझ्याकडे येतात. ज्याचं कोणाला फारसं पडलेलं नाही ते शांत माणसाच्या गळ्यात घालायचं, ही सगळ्याच ऑफिसांची रीत असावी.

दिवसभर तेच बघून माझे डोळे तयार झालेत. आकडा न बघता मी तीस आणि सव्वीसमधला फरक सांगू शकते. शेजारच्या टेबलावर बसणारा आमचा वरिष्ठ, त्याला सगळे चष्मा म्हणतात, तो म्हणायचा, "हिने लग्नाच्या व्हिडिओतही नवऱ्याच्या फ्रेम मोजल्या असतील."

मोजल्या होत्या. पंचवीस भरल्या.

तर घरच्या कन्सोलवरही मी सवयीने कोपऱ्यात तो आकडा लावून ठेवला होता. पटावर कुठेही गेलं तरी तीस. पण वरच्या डाव्या टोकाला, जिथे नुसतं धुकं होतं, कर्सर नेला की आकडा सतरावर यायचा. आतला पंखा घरघरायला लागायचा. दिसायला तिथे काही नाही.

मी चष्म्याला विचारलं.

"दिसत नाही म्हणून काय झालं? यंत्राला रंगवावं लागतंच," तो म्हणाला. "धुक्यामागे कोणीतरी काहीतरी विसरलेलं असतं. मागच्या वेळी त्या किल्ल्याच्या गेममध्ये भिंतीमागे चारशे खुर्च्या निघाल्या होत्या. आठवतं? एकावर एक."

आठवत होतं. माझं समाधान झालं.

शिवाय त्या कोपऱ्याकडे बघायला मला वेळ कुठे होता? मी लाल माणसांकडे बघत होते. पहिले आठ-दहा दिवस नवरा अगदी धसमुसळा खेळला. दिसला निळा की मार. मला वाटलं होतं, हा असा आहे तर. मग हळूहळू तो बदलला. माझी एक जखमा बऱ्या करणारी सोंगटी होती. मी तिला नर्सबाई म्हणायचे. तिच्यात लढायची ताकद नव्हती आणि ती नेहमी मागे राहायची. एकदा चुकून ती उघड्यावर राहिली. दुसऱ्या दिवशी बघते तर लाल तिरंदाज तिच्या शेजारच्या चौकोनात येऊन उभा. त्याने तिला मारलं नाही. नुसता उभा राहिला.

मग दुसरा आला. मग तिसरा. एक एक दिवसाने. तिच्या अंगाला हात न लावता.

ऑफिसच्या गाडीत बसून मी खिडकीबाहेर बघत हसायचे. जो माणूस सिलिंडरपलीकडे बोलत नाही, तो हे बोलत होता. मी त्याला असं, चौकोनाचौकोनाने, ओळखायला लागले होते. आणि लिहायला लाज वाटते, पण आवडायलाही लागला होता.

३

एका मंगळवारी तो आला, बूट काढता काढता म्हणाला, "दुसऱ्या शहरात नवीन रक्तपेढी निघतेय. मला विचारलंय. एक वर्ष. दिवसाची ड्यूटी."

मी गॅसपाशी होते. हातात लायटर.

"माणसासारखं रात्री झोपायला मिळेल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुला नाही येता येणार, तुझं ऑफिस इथे. सोमवारी सकाळपर्यंत कळवायचंय. काय करू? जाऊ?"

सात वाजून सहा मिनिटं झाली होती. 'नको जाऊस' हे दोन शब्द. बोलायला सेकंदही लागत नाही.

"बघ," मी म्हणाले. "तुला काय वाटतं ते."

त्याने मान हलवली. "बरं."

जिना उतरताना मी स्वतःला चार शिव्या घातल्या. पण आतून एक भरवसाही होता: तोंडाने नाही जमलं तर काय, आम्हाला बोलायला दुसरी जागा होती की. त्या संध्याकाळी मी नर्सबाईला माझ्या सगळ्या फौजेपासून काढलं आणि लालच्या मधोमध नेऊन उभी केली. एकटी. खेळ म्हणून बघितलं तर शुद्ध वेडेपणा. उत्तर म्हणून बघितलं तर इतकं स्पष्ट उत्तर मी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं.

सहज कर्सर फिरवताना लक्षात आलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात आता तीस फ्रेम होत्या. सतराचा चौकोन बराच पुढे सरकला होता. चष्म्याच्या खुर्च्या सरकत नाहीत.

मी दोनदा तपासलं. मग विचार केला, काही सावल्यांचा घोळ असेल, आणि भात लावला.

४

बुधवारी सकाळी साडेसहाला मी टेबल पुसत होते. एरवी सकाळी मी कन्सोलला हात लावत नसे, सकाळ त्याची. त्या दिवशी वर पाणी सांडलं म्हणून उचलला.

कोमट होता.

माझी पहिली प्रतिक्रिया अगदी शहाण्या बाईची होती. चार्जिंगला होता, तापला. मी चार्जरकडे बघितलं. पिन भिंतीत नव्हती.

ठीक आहे, मग पडदा मिटताना नीट मिटला नसेल, आतल्या आत चालू राहिला असेल. होतं असं. आम्ही त्यावर अहवाल लिहितो. पण चालू राहिलेला कन्सोल कुठे तापतो हेही मीच लिहिते: पाठीवर, मधोमध, जिथे पंख्याची जाळी आहे. मी तिथे बोट ठेवलं. गार.

कोमट होत्या त्या दोन्ही कडा. जिथे खेळताना तळवे टेकतात.

मी तो खाली ठेवला, फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. घरात मी एकटी होते. दाराला लॅच लागलेलं होतं. आत फ्रिजचा आवाज, बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा. नवरा यायला पंचवीस मिनिटं होती. आत झोपायच्या खोलीतून टेबल दिसत नाही, मध्ये भिंत आहे, हे मी चार महिन्यांत पहिल्यांदा मोजून बघितल्यासारखं बघितलं.

सातला तो आला. मी म्हणाले, "उद्या तुला कधी नव्हे ती सुट्टी ना? मीही टाकते."

त्याने असं बघितलं, जणू मी काहीतरी महागडं विकत घेते म्हणाले. "खरंच? टाक की."

५

गुरुवारी तो दुपारी दोनपर्यंत झोपला. चार वाजता आम्ही त्यानेच केलेला चहा घेऊन टेबलाशी समोरासमोर बसलो. उजेडात, बसून, चहा पिताना मी नवऱ्याला पहिल्यांदा बघत होते. त्याच्या भुवईत एक पांढरा केस होता.

नियम मोडायचा तर सुरुवात गोड करावी म्हणून मी म्हणाले, "तुझ्या चाली फार छान असतात."

"कसल्या?"

"कसल्या काय? ह्याच्या." मी कन्सोलकडे हनुवटी केली.

तो हसला. "अगं, टोमणा कशाला मारतेस? मी कुठे खेळतोय. तीन महिने झाले की."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रोज सकाळी उघडायचो, तर 'निळ्या खेळाडूच्या हातात द्या.' तुझीच चाल बाकी. चार-पाच दिवस बघितलं, आठ दिवस बघितलं. म्हटलं, हिला कंटाळा आला असेल. तुला म्हणणार कसं? तायडीने तोंड बंद करून ठेवलेलं." त्याने कपाच्या कानात बोट घातलं. "मला वाटलं, जसं बोलायला नको असतं तुला, तसंच खेळायलाही नको असेल."

त्याने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला त्याच्या बोलण्यातलं 'बोलायला नको असतं' आधी ऐकू आलं आणि तो खेळतच नव्हता हे नंतर.

"मी रोज खेळते," मी म्हणाले. "रोज संध्याकाळी. एक दिवस चुकले नाही."

"मग मला का..."

फ्रिज बंद पडला, त्याचा एक झटका बसतो तसा बसला, आणि घर एकदम शांत झालं.

"तू आत झोपलेली असतेस," तो हळू म्हणाला.

"हो."

उठून त्याने दाराची कडी बघितली. खिडक्यांचे गज हलवून बघितले. संडासाची छोटी खिडकीही. मी बसून राहिले. तो परत आला तो खोटं हसत. "बिघाड असेल. मशीन स्वतःशीच खेळत असेल. असतं ना तसं? तूच सांग, तुझा धंदा आहे."

"असतं," मी म्हणाले. दोन माणसांच्या खेळात नसतं.

"दाखव तरी. बघू दे माझं राज्य कसं चाललंय."

मी 'तयार' दाबलं. काही न हलवता 'चाल संपली' दाबलं. पडदा काळा झाला. यंत्र लाल खेळाडूच्या हातात द्या. मी त्याच्या हातात दिलं, आणि उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. पहिल्यांदाच मी पट लाल बाजूने बघणार होते.

त्याने 'तयार' दाबलं. कोपऱ्यातला आकडा: नऊ.

"बाप रे," तो म्हणाला. "ही कोण तुझी, मधली?"

"नर्सबाई."

"अगं, पूर्ण अडकलीय ही. बघ ना. अकरा जण गोल करून उभेत, आणि तोंडं सगळ्यांची बाहेर. आत कोणाला येऊ देणार नाहीत." त्याने बोटाने माझी निळी माणसं दाखवली, लांब, विखुरलेली. "तुझ्यातलं कोणीही हिच्यापर्यंत पोचू शकत नाही. तू काय बघत होतीस इतके दिवस?"

मी सांगितलं नाही मी काय बघत होते.

"अकरा," मी म्हणाले. "बारावा?"

वर लिहिलं होतं बारा. त्याने पुढच्या माणसावर जायचं बटण दाबलं. पट अडखळत सरकला, नर्सबाईच्या शेजारच्या चौकोनावर आला, आणि थांबला. त्या चौकोनात लालकडूनही धुकंच होतं. नऊच्या सहा फ्रेम झाल्या. पंखा ओरडायला लागला.

"हे धुकं नाही," मी म्हणाले.

कारण धुकं हलतं, आणि हे पाठमोरं होतं. कोणीतरी पाठमोरं उभं होतं, इतकं काळं की खांदा कुठे संपतो ते कळत नव्हतं. आणि ते वळत होतं. फ्रेम चार. एकदा इतकं. मग थांबून आणखी इतकं. कानासारखं काहीतरी. मग गालाची कड.

त्याने पॉवरचं बटण दाबलं आणि दाबून धरलं, पडदा विझेपर्यंत. मग आणखी थोडा वेळ.

"चाल संपवली नाहीस," मी म्हणाले.

"खड्ड्यात गेली चाल."

त्याने कन्सोल जुन्या टॉवेलात गुंडाळला, बॅगेत घातला, बॅग कपाटाच्या वर. खुर्चीवरून उतरताना त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि हात काढला नाही. मला वाटलं, आता सांगावं. मी तोंड उघडलं.

"त्या बदलीचं," मी म्हणाले.

"आज नको." तो म्हणाला. "हे डोक्यात असताना नको. नाहीतर तू घाबरून 'थांब' म्हणशील, आणि मला ते घाबरल्यामुळे म्हटलेलं नकोय. सोमवारी सकाळी सांग. नीट विचार करून."

इतकं समजूतदार बोलणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? मी मान हलवली.

६

शुक्रवारी सकाळी मी गॅसपाशी होते. तो दूध घेऊन आला, पिशवी टेबलावर टाकली, पाणी प्यायला माझ्याकडे यायला निघाला. फ्रिजशेजारच्या त्या खुर्चीपाशी तो अडखळला.

पाय नाही अडखळला. तो अडखळला. खुर्चीच्या अलीकडे होता, मग पलीकडे. मधलं पाऊल नव्हतं.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही."

आमच्याकडे मोठ्या चौकोनी फरश्या आहेत. खुर्चीच्या फरशीपासून मी उभी असते त्या फरशीपर्यंत मध्ये दोन. मी ते मुद्दाम मोजलं नाही. मोजलं गेलं.

ऑफिसात चष्म्याला म्हणाले, डोळ्यांना काहीतरी होतंय. तो हसला. "आत्ता कळलं? मला तर सिग्नलला चालणारी माणसं तुटक दिसतात. डोळे दमलेत तुझे. रजा घे, लांबचं बघ, गाजरं खा."

डोळे दमले होते हे खरंच. चार महिन्यांत दमलं नव्हतं असं माझ्यात काय उरलं होतं? मी गाजरं घेऊन आले.

शनिवारी तो खुर्चीपासून सरळ चालत आला, एकसंध, तिसाच्या तीस. आणि पुढच्या फरशीवर अडखळला.

रविवारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

रविवारी तो झोपल्यावर मी खुर्चीवर चढले, बॅग काढली, टॉवेल उलगडला. कन्सोल थंडगार होता. मध्ये थंड, कडांना थंड. मला हायसं वाटायला हवं होतं. पण रिकामं घर बाहेरून बघितलं तरी कळतं, तसं मला कळलं की यात आता कोणी नाही.

मग मी बसून विचार केला, धंद्यातला विचार. आळीपाळीच्या खेळात समोरचा कधी हलतो? आपण चाल संपवल्यावर. मी दिवसाला कोणती चाल करत होते? कोणतीच नाही. रोज सकाळी गॅसपाशी उभी राहून, जे बोलायचं ते न बोलता निघून जात होते. यालाही चाल संपवणंच म्हणतात. काही न हलवता.

तर मग उपाय सोपा होता. दोन शब्द. मी ते तोंडात घोळवले. भांडी घासताना, केस विंचरताना. नको जाऊस. नको जाऊस. इतक्यांदा म्हटले की त्यांचा अर्थ गुळगुळीत झाला, पण तोंडाला वळण पडलं.

७

सोमवारी सातला किल्ली फिरली.

मी गॅसपाशी, माझ्या फरशीवर. चहा उकळत होता. तो बूट काढून निघाला, आणि मी बघत राहिले. खुर्ची. पुढची फरशी. उंबरा. कुठेही काही नाही. लोण्यासारखा चालत आला. इतकं सुंदर मी कोणाला चालताना बघितलं नव्हतं. संपलं, मी मनात म्हणाले. दमलेले डोळे होते, संपलं.

मी गॅस बंद करायला हात उचलला.

हात बटणापाशी नव्हता. हातात गाळणं होतं, आणि चहा गाळून झाला होता.

"मग?" तो म्हणाला. ओट्याला टेकून उभा होता, हाताच्या अंतरावर. डोळे लाल, रात्रभराचे. मला तेव्हा दिसलं, तो किती जपून विचारतोय. 'थांब' ऐकायला आलेला माणूस होता तो. "साडेसातला फोन करायचाय. काय सांगू त्यांना?"

मी श्वास घेतला. जीभ टाळूला लागली, 'न'साठी लागते तशी.

आणि त्याचा चेहरा बदललेला होता. बदलताना मी बघितला नाही, बदललेलाच बघितला. काहीतरी मऊ, काहीतरी विझलेलं, आणि वर एक हसू.

"बरं," तो म्हणाला. "थँक्यू. तू इतकं समजून घेशील असं खरंच वाटलं नव्हतं मला."

माझ्या घशात एक आवाज नुकताच संपल्याची थरथर होती. माझाच आवाज. छान, शांत, समजूतदार आवाज असणार. मला स्वतःला असा कधी जमला नाही.

काय म्हणाले मी? असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि तो मान हलवत होता, "हो हो, तू म्हणतेस तसं. वर्ष काय, बघता बघता जाईल." त्याने कपाचा घोट घेतला आणि थबकला. "साखर कशी काय बरोबर घातलीस आज? कधी सांगितलं होतं मी?"

त्याने सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. डबा उघडा होता आणि चमचा ओला होता.

त्याने फोन काढला आणि नंबर शोधत हॉलकडे वळला. अर्धा तास कुठला, तो आत्ताच करणार होता. मी त्याच्या मागे जायला निघाले. निघाले असं मला वाटलं. मी त्याच फरशीवर होते. तो लांब, टेबलापाशी, पाठमोरा, आणि आमच्या मध्ये सकाळचा सगळा उजेड, आणि पोचायला वाट नव्हती.

खरं सांगायचं तर मी फार दमले होते. इतकी, की एक क्षण मला बरंसुद्धा वाटलं, कोणीतरी आपल्या वाटणीचं बोलतंय म्हणून.

"हॅलो," तो फोनवर म्हणाला, "हो, ठरलं. येतोय मी."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. एरवी मी धावते. आज कोणीच धावलं नाही. मी हाताची घडी घातली, थंडी वाजते तेव्हा घालतो तशी, आणि तेव्हा मला कळलं की थंडी वाजत नाहीये. माझे दोन्ही दंड कोमट होते. मध्ये छाती गार, पाठ गार. नुसते दंड, दोन्ही बाजूंना, जिथे कोणी धरलं तर तळवे टेकतात.